इतर हक्क

२०१९च्या ऑगस्टात कृष्णा आणि पंचगंगा एकदमच चढल्या आणि कुरुंदवाडात पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं, तेव्हा घर सोडताना काय घ्यायचं यावरून आमच्या घरात थोडी बाचाबाची झाली. सौभाग्यवतींचं म्हणणं, आधी धान्य आणि औषधं घ्या. मी मात्र कपाटातली कागदांची पिशवी उचलली. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करायची! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलो तेव्हा ती पिशवी मी लेकरासारखी मांडीवर घेतली होती, असं आमच्या घरात अजून चवीनं सांगितलं जातं.

पुढचे आठ दिवस जयसिंगपुरात नातलगांकडे काढले. करायला काही नव्हतं. पिशवी उघडली. वर सातबारे, आठ-अ चे उतारे, फेरफाराच्या नकला. तळाशी मामांची निळी एअरोग्राम पत्रं, इथिओपियाच्या सम्राटाची तिकिटं लावलेली. आणि त्या दोहोंच्या मध्ये एक कागद, जो पिशवीत आहे हे मला चांगलं ठाऊक होतं आणि जो मी तेरा वर्षं उघडला नव्हता. माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, हक्कसोडपत्र.

मामांच्या पत्रांनी मला त्या कागदापर्यंत परत आणलं. ते कसं, हेच आज सांगायचं आहे. वाट जरा लांबची आहे, अगदी आफ्रिकेतून येते.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. गणितात बी.एस्सी. १९६४ साली ते इथिओपियात शिक्षक म्हणून गेले. त्या काळी तिथल्या सरकारला शाळांसाठी शिक्षक हवे होते आणि हिंदुस्थानातून पुष्कळ जण जात. मामांची नेमणूक झाली गोज्जाम प्रांतातल्या देब्रे मार्कोस या गावी. आठ हजार फुटांच्या उंचीवरचं पठार. (आपला पन्हाळा तीन हजारांच्या आसपास.) थंडी, धुकं, नाचणीहून बारीक दाण्याचं तेफ नावाचं धान्य आणि त्याची आंबोळीसारखी आंबट भाकरी. दर गावाच्या टेकाडावर गोल, गवती छपराचं चर्च. कारण हा देश जुन्यातला जुना ख्रिस्ती देश. त्यांचा राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला, तेव्हा युरोपातल्या बऱ्याच राजांना येशूचं नावही नीट ठाऊक नव्हतं. १२७० पासून तिथं एकच राजघराणं आपण सॉलोमनच्या वंशातले आहोत असं सांगत राज्य करत होतं. मामा पोचले तेव्हा गादीवर हैले सेलासी होते.

मामांचं दुसरं की तिसरं पत्र असेल. त्यात एक वाक्य होतं, ते वाचून आण्णा, म्हणजे माझे वडील, मोठ्यानं हसले होते असं आई सांगे. मामांनी लिहिलं होतं, ‘दाजी, एवढ्या लांब आलो, तर इथंही तुमच्या-माझ्यासारखीच माणसं भेटली. दिवसभर नांगर आणि उरलेल्या वेळात कोर्ट.’

तिथल्या जमिनीची पद्धत मामांनी पुढच्या पत्रांतून तुकड्या-तुकड्यानं कळवली. पुढे मी त्यावर थोडंफार वाचलं. तिचं मर्म असं की एकाच शेतावर दोन वेगवेगळे हक्क असत. एक रिस्त आणि दुसरा गुल्त. रिस्त हा कसणाऱ्याचा. ज्या मूळपुरुषानं ती जमीन पहिल्यांदा वहिवाटीत आणली, त्याच्या वंशातल्या प्रत्येकाला तिच्यात वाटा मागता येई. शेत विकता येत नसे, पण हक्क मरतही नसे. माणूस दुष्काळात परागंदा झाला, त्याचा नातू परत आला, गावातल्या जाणत्यांपुढे त्यानं वंशावळ म्हणून दाखवली, की त्याला शेत द्यावं लागे. निदान त्याचा दावा ऐकावा तरी लागे.

गुल्त हा वरचा हक्क. राजा आपल्या सरदाराला, एखाद्या चर्चला किंवा मठाला अमुक गावाचं गुल्त देई. म्हणजे शेत देत नसे. त्या गावच्या उत्पन्नातला हिस्सा, वेठ आणि न्यायनिवाड्याचा अधिकार देई. खाली कसणारा रिस्तवाला तोच राही.

कुरुंदवाडच्या माणसाला हे समजायला शब्दकोश लागत नाही. रिस्त म्हणजे आमची मिरास. गुल्त म्हणजे आमचं इनाम, सरंजाम. पेशवाईतला मिरासदार गाव सोडून गेला तरी त्याची मिरास बुडत नसे, कित्येक वर्षांनी परतून तो ती मागू शके. आणि ज्याला मिरास नाही तो उपरी, आज इथं तर उद्या तिथं. मला मौज वाटली ती शब्दांची. रिस्त हा शब्द गीझ या त्यांच्या जुन्या धर्मभाषेतल्या, वारशानं मिळणं अशा अर्थाच्या धातूवरून आला आहे. गीझ आणि अरबी या बहिणी-बहिणी. त्याच धातूच्या अरबी रूपावरून निघालेले वारस, वारसा आणि मिरास हे शब्द फारसीच्या वाटेनं मराठीत आले. म्हणजे गोज्जामचा शेतकरी आणि शिरोळ तालुक्यातला शेतकरी आपापल्या बांधावर उभे राहून ज्या शब्दासाठी भांडत होते, तो शब्द मुळात एकच!

आमच्या गावच्या ‘गुल्ता’चा इतिहास तर इथल्या शाळकरी पोरालाही थोडाफार ठाऊक असतो. कोकणातून आलेले हरभट पटवर्धन इचलकरंजीच्या घोरपड्यांचे उपाध्ये. त्यांच्या मुलांनी पेशव्यांच्या पदरी तलवार गाजवली आणि फौज बाळगण्यासाठी त्यांना सरंजाम मिळाले. सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड ही त्यातूनच पुढे झालेली संस्थानं. कुरुंदवाडची पुन्हा १८५४ साली वाटणी झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोघांची गावं कृष्णाकाठापासून पार कर्नाटकात विखुरलेली. एका गावचा सारा थोरल्यांकडे, शेजारचा धाकट्यांकडे, त्यापलीकडचं गाव कोल्हापूर दरबारचं, नाहीतर इंग्रजी हद्दीतलं. नदी ओलांडली की कायदा बदले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं खालसा करून त्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावे केल्या आणि कुलकर्णी वतनाच्या जागी पगारी तलाठी नेमले. पलीकडच्या संस्थानी गावांना तो हुकूम लागू नव्हता. चार मैलांवरच्या माणसाची बेडी सुटलेली दिसते आणि आपली तशीच, हे कसं वाटत असेल याचा मी एका कादंबरीत विचार केला होता. तो मला नीट जमला नाही, हेही कबूल करतो.

देवांची गुल्तं तर दोन्हीकडे सारखीच. आमच्या तालुक्यात खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ आहे. यादव राजा सिंघण यानं तेराव्या शतकात देवाला गाव लावून दिल्याचा लेख तिथं दगडावर आहे. त्याच सुमाराला इथिओपियात लालिबेला राजा अखंड खडकातून चर्चं कोरून घेत होता. नृसिंहवाडीच्या दत्ताला औरवाड आणि गौरवाड ही गावं विजापूरच्या आदिलशहानं इनाम दिली, मुलीची दृष्टी परत आली म्हणून, अशी वाडीची परंपरा सांगते. इथिओपियात दानपत्रं दगडावर फारशी कोरत नसत. चर्चमध्ये जी चामड्यावर लिहिलेली शुभवर्तमानाची पोथी असे, तिच्या कोऱ्या पानांवर जमिनींच्या नोंदी करत. धर्मग्रंथ हाच सातबारा! आणि नोंदीच्या शेवटी शाप: जो हे दान मोडील त्याला पीटर आणि पॉल यांच्या मुखानं बहिष्कार. आपल्याकडच्या ताम्रपटांत तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होतो आणि गधेगाळीच्या दगडावर तर त्याहून वाईट काही कोरलेलं असतं, ते रविवारच्या पुरवणीत लिहिता येणार नाही. जगात कुठंही जमीन देणाऱ्याचा घेणाऱ्यावर, आणि दोघांचा पुढच्या पिढीवर, विश्वास नसतो असं दिसतं.

ज्यांना काहीच नाही असेही दोन्हीकडे होते. रिस्त ही ख्रिस्ती कुळंब्याची. पंधराव्या शतकात येशाक राजानं, बाप्तिस्मा घेईल त्यालाच वडिलांची जमीन मिळेल, असं फर्मान काढल्याचं त्यांच्या बखरी सांगतात. त्यामुळे बेटा इस्राएल म्हणून ओळखले जाणारे तिथले ज्यू जमिनीला मुकले. लोहारकी आणि कुंभारकाम त्यांच्या वाट्याला आलं. वरून त्यांच्या नजरेनं माणूस आजारी पडतो असा प्रवाद. मामांनी हे कळवलं होतं आणि पुढं एवढंच लिहिलं होतं, ‘यावर तिकडच्यांनी हसू नये.’

बँकेत असताना एक कर्ज मी नाकारलं, ते मला अजून आठवतं. सातबाऱ्यावर ‘इनाम वर्ग ६ ब’ असा शेरा होता, म्हणजे पूर्वीची महार वतन जमीन. वतन १९५८च्या कायद्यानं गेलं, जमीन नवीन शर्तीनं परत मिळाली, पण परवानगीशिवाय तिचं हस्तांतर नाही आणि त्यामुळे तारण धड नाही. अर्जदार तरुण होता. दोन म्हशी घ्यायच्या होत्या. मी नियमानं वागलो. तो मला म्हणाला, ‘सायब, जमीन माझी हाय का न्हाई, तेवढं तरी सांगा.’ मला सांगता आलं नाही.

सातबारा वाचायची माझी रीत उलटी होती. नवे अधिकारी आधी वर मालकाचं नाव पाहात. मी आधी ‘इतर हक्क’ हा रकाना पाहायचो. (हल्ली त्याला इतर अधिकार म्हणतात.) कूळ, बोजा, विहिरीतला हिस्सा, वाट, देवस्थानाचा वर्ग तीनचा शेरा, सगळं त्या अरुंद रकान्यात दाटीवाटीनं बसलेलं असतं. मालकाच्या रकान्यात नाव असतं. माणसांची खरी गोष्ट बहुतेक वेळा इतर हक्कात असते.

आमचीही तशीच होती. माझा आज्जा इनामी जमिनीचा कूळ. चार एकर सहा गुंठे, त्यातला एक तुकडा नदीकाठची मळी. ही जमीन गावातल्या एका वाड्याचं इनाम होती आणि वाड्यात उरल्या होत्या एकट्या विधवा बाईसाहेब. संस्थान ८ मार्च १९४८ला विलीन झालं. विलीन संस्थानांतल्या किरकोळ इनामांसाठी १९५५ साली कायदा होऊन इनाम संपलं, सारा पूर्ण बसला. जमीन मात्र बाईसाहेबांच्या नावे राहिली. मग १ एप्रिल १९५७, कृषक दिन. कसेल त्याची जमीन. तालुक्यातले कितीतरी कूळ त्या दिवशी कायद्यानं मालक झाले. आज्जा झाला नाही. कारण कूळ कायद्याच्या ३२ फ कलमानं विधवा, अज्ञान मुलं आणि अपंग यांच्या जमिनीची खरेदी लांबणीवर टाकली होती. बाईसाहेब असेपर्यंत आज्जा कूळच.

मी सात-आठ वर्षांचा असताना आज्जाबरोबर वाड्यावर खंड घालायला गेल्याचं मला स्पष्ट आठवतं. जोंधळ्याची पोती, गुळाची ढेप, मळीची वांगी. आज्जा वयानं बाईसाहेबांहून दहा वर्षांनी तरी मोठा, पण त्या त्याला एकेरीत हाक मारत आणि तो त्यांना अहो-जाहो करी. तो सोप्याच्या खाली उभा, त्या वर. माप झालं की त्या मला आतून लाडू आणून देत, वरून हातावर टाकत. त्या वेळी मला त्यात काही वाटलं नाही. मोठा झाल्यावर त्या वरून टाकलेल्या लाडवाचा फार राग आला. आता म्हातारा झाल्यावर वेगळंच दिसतं. वाड्याच्या भिंतींना पोपडे आलेले असत आणि त्या बाईला वर्षाचं धान्य त्या चार एकरांतूनच येत होतं. कायद्यानं मोठा इनामदार आणि ती बाई यांच्यात निदान तेवढा फरक केला, हे बरं झालं. आमची पंधरा वर्षं त्यात गेली, तरीही बरं झालं.

बाईसाहेब १९७१ साली वारल्या. इथं कायद्यात एक मेख होती. बाई गेल्यापासून ठरावीक मुदतीत कुळानं खरेदीची लेखी नोटीस द्यायला हवी, नाहीतर हक्क बुडाला. खेड्यात हे कुणाला ठाऊक? अशा कित्येकांच्या जमिनी गेलेल्या मी पुढे नोकरीत पाहिल्या. आण्णांना हे कळलं ते मामांमुळे. मामांनी देब्रे मार्कोसहून लिहिलं होतं, ‘दाजी, बाईंचं वय झालं. वकिलाला विचारून ठेवा, मुदत असते.’ त्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं. आफ्रिकेतून आलेल्या पत्रावर आमची जमीन राहिली, असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

तिकडे मामा स्वतः वेगळंच पाहात होते. १९६५ साली आदिस अबाबात विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, त्यांची घोषणा ‘जमीन कसणाऱ्याला’. मामांना फार नवल वाटलं. ही घोषणा आपल्या घरची आहे, असं त्यांनी लिहिलं. पण गोज्जामचे शेतकरी त्या घोषणेनं मुळीच पेटले नाहीत. ते पेटले १९६८ साली आणि उलट कारणानं. सरकारनं शेतीच्या उत्पन्नावर नवा कर बसवला आणि अंदाज घ्यायला माणसं पाठवली. गावकऱ्यांना वाटलं, आज मोजतील, उद्या कागदावर एकाचं नाव लिहितील आणि मग बाकीच्या सगळ्यांची रिस्त संपली. त्यांनी बंड केलं. सरकारनं सैन्य आणि विमानं पाठवली. शेवटी सम्राटालाच माघार घ्यावी लागली. आपल्याकडे इंग्रजांच्या साखळीनं शेतं मोजली आणि एकेका नंबरावर एकेक नाव चढलं, तेव्हा इतर हक्क कुठं गेले? गेले त्या अरुंद रकान्यात. गोज्जामच्या अडाणी म्हणवणाऱ्या शेतकऱ्याला हे आधीच कळलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

दक्षिणेकडचा प्रकार निराळा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेनेलिक राजानं तो मुलूख जिंकून आपल्या शिपायांना वाटला आणि तिथले मूळ शेतकरी त्यांचे वेठबिगार झाले. विद्यार्थ्यांची घोषणा खरी तिथली होती. १९६६ साली सम्राटानं कायद्यानं गुल्त रद्द केलं. १९७४च्या सप्टेंबरात सम्राटच गेला. ४ मार्च १९७५ला लष्करी सरकारनं सगळी ग्रामीण जमीन जनतेच्या सामाईक मालकीची ठरवली. खंड बंद, कुटुंबाला फार तर दहा हेक्टर. आदिसमध्ये प्रचंड मिरवणुका निघाल्या. पुढे त्याच सरकारनं किती माणसं मारली हे जगाला ठाऊक आहे. मामा त्याच वर्षी परत आले.

पण मामांचं जे पत्र मी जयसिंगपुरात तीनदा वाचलं, ते याच्या बरंच आधीचं, १९६७चं आहे. त्यांच्या वर्गातला एक मुलगा आठवडाभर आला नाही. विचारलं तर म्हणाला, आईबरोबर कोर्टात होतो. आईचा दावा होता तिच्या आजीकडून आलेल्या शेतावर. मामांनी विचारलं, आजीकडून कसं? मुलाला प्रश्नच कळला नाही. मग उलगडा झाला. रिस्त बापाकडून येते तशी आईकडूनही येते. मुलाला जेवढा दावा, तेवढाच मुलीला. माणूस आपल्या चारही आज्या-आजोबांच्या बाजूंनी वंशावळ पाठ करतो, कारण कुठून एक पट्टी निघेल सांगता येत नाही. मामांनी खाली लिहिलं होतं, ‘अर्थात बायकोच्या वाट्यासाठी भांडायला बहुधा नवराच जातो आणि दांडगा असेल तोच जिंकतो. पण हक्क नाही असं कुणी म्हणत नाही. ताई, तुला-मला एक आईबाप. मला शिकवलं, जमीनही माझ्याच नावे. तुला काय दिलं?’

पत्र आण्णांच्या नावे होतं, तरी ही शेवटची ओळ आईला होती. आईनं ती कधी वाचली असेल का? तिला लिहिता-वाचता बेतानंच येई. मला ठाऊक नाही. तिनं तिच्या भावाकडे काही मागितलं नाही हे मात्र मला ठाऊक आहे.

आता तो कागद.

आण्णा २००३ साली गेले. वारस आम्ही तिघं: आई, आक्का, मी. आण्णांची जमीन त्यांनी कूळ म्हणून खरेदी केलेली, ३२ म चा दाखला त्यांच्या नावचा. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं त्यात आक्काचा हिस्सा माझ्याएवढाच. याला काही नवा कायदा लागत नव्हता. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला बरोबरीचा हिस्सा महाराष्ट्रानं १९९४ साली दिला आणि केंद्रानं २००५ साली. आमच्या बाबतीत त्याचीही गरज नव्हती. नोंद घालताना मला सहज विचारण्यात आलं, ‘बहिणीचं नाव इतर हक्कात लावू ना?’ तशी रीतच होती. मुलगे कब्जेदार सदरी, मुली इतर हक्कात. मी, इतर हक्काचा रकाना आयुष्यभर वाचलेला माणूस, ‘लावा’ म्हणालो.

तीन वर्षांनी मला पाइपलाइनसाठी कर्ज काढायचं होतं. कर्ज देणाऱ्यांनी आक्षेप घेतला, इतर हक्कातलं नाव कमी करून आणा. मी त्यांच्या जागी असतो तर तेच लिहिलं असतं. शंभर वेळा लिहिलंही होतं. आक्का दिली आहे चिक्कोडी तालुक्यात. तिला गाडी पाठवली, दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नेलं. नोकरीत असताना बायकांना मी नेहमी बजावत असे, वाचल्याशिवाय सही करू नका. आक्कानं चष्मा काढायलाही हात घातला नाही. ‘आरं, सही कुठं करायची तेवढं दाखीव,’ म्हणाली. कागदात लिहिलं होतं, ‘राजीखुशीनं, कोणताही मोबदला न घेता.’ त्यातलं मोबदला न घेता हे खरं होतं. परत जाताना मी तिला साडी घेतली. ती भारी होती, म्हणून ती मला रागावली.

तिला राजीखुशीनं का म्हणायचं? हिस्सा मागितला तर माहेर तुटतं, एवढं तिला ठाऊक होतं. दिवाळीला, भाऊबीजेला, पोरीच्या लग्नाला मामा म्हणून उभा राहायला भाऊ हवा, तर सही करायची. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. बायकोच्या नावे जमीन करून देणारे शेतकरी आमच्या भागातही मी पाहिले, त्यांचं मनापासून कौतुक केलं. बायकोला देताना जमीन घरातच राहते. बहिणीला द्यायची म्हणजे बांध घालायचा.

इथिओपियात आज जमीन सरकारची आहे. १९९५च्या घटनेनुसार ती विकता येत नाही, त्यावर तिथं दुमत आहे आणि मला स्वतःला ते पटत नाही. ज्याला विकता येत नाही त्याला नाही म्हणण्याचाही अधिकार उरत नाही, असं माझं बँकेतलं शहाणपण सांगतं. पण गेल्या पंचवीस वर्षांत तिथं लक्षावधी कुटुंबांना कसण्याच्या हक्काची प्रमाणपत्रं मिळाली. गोज्जाम आता ज्या अम्हारा प्रांतात मोडतो, तिथं त्या वहीवर नवरा आणि बायको दोघांचे फोटो लावतात. त्यातला एक फोटो मी पाहिला. बाई कॅमेऱ्याकडे अशी रोखून बघते आहे, की जणू मोजणीलाच आली आहे.

पूर ओसरल्यावर घरी आलो. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती. मळीचा ऊस कुजून गेला होता. महिनाभर घर धुण्यात गेलं, नंतर साथीच्या वर्षांत दोन दिवाळ्या अशाच गेल्या, २०२१ला पुन्हा पाणी आलं. मनातली गोष्ट मनातच. खरं सांगायचं तर सबबी मला सापडतच होत्या. जमीन ४३ कलमाखालची, मग परवानगी? पण २०१४च्या दुरुस्तीनं दहा वर्षं झालेल्या कूळ खरेदीला आकाराच्या चाळीस पट नजराणा भरला की पुरतं, आणि आमचा आकार इतका थोडा की तो नजराणा चिक्कोडीला मोटारीनं जाऊन येण्याच्या पेट्रोलाहून कमी भरला. तुकडेबंदीचं पाहिलं, तेही बसत होतं. मुलाला विचारलं. तो पुण्यात असतो. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘तुम्ही ठरवलंय ना?’ हो म्हणालो. तेवढ्यावर आमचं बोलणं संपलं. ते संपलं आहे असं मला अजूनही वाटत नाही.

गेल्या दिवाळीत बक्षीसपत्राचा कच्चा मसुदा घेऊन आक्काकडे गेलो. दाजी गेल्याला सहा वर्षं झाली. ती सोप्यात शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं, मामांच्या पत्रातली ती ओळही वाचून दाखवली. तिनं ऐकून घेतलं. या खेपेला चष्मा लावला, मसुदा हातात घेतला आणि बोट ठेवून सावकाश वाचायला लागली. मी गट नंबर लिहिला होता वरच्या रानाचा, रस्त्याकडेचा, पुराचं पाणी जिथं येत नाही तो.

‘ह्यो नगं,’ ती म्हणाली.

मला वाटलं, नकोच म्हणते आहे.

‘वरचा तुझ्या पोराला ऱ्हाऊ दे. मला मळीचा दे. आईची वांगी हुती तिथं.’

‘आक्का, मळी दर दोन वर्षांनी पाण्याखाली जाते. तुला त्यात काय पिकणार?’

‘पानी काय ऱ्हायला येतंय व्हय? जातंय की परत,’ ती म्हणाली आणि मसुदा माझ्या हातात देऊन पुन्हा शेंगा फोडू लागली. ‘दुसरा लिहून आण.’